डस्टर माझ्याकडे होतं

खारीवाव रोडवरून आत वळलात
की कारंज्याच्या पोळीच्या तोंडाशी एक फळा आहे.
पोळ म्हणजे गल्ली, खायची पोळी नव्हे;
पुण्याच्या साडूला हे दर दिवाळीला नव्यानं सांगतो.
खडू सुतळीला टांगलेला. ज्याला जे कळलं ते त्यानं लिहावं,
पटलं तर कुणीही खाली एक उभी रेघ ओढावी.
जास्त रेघांची बातमी उद्याही राहायची,
बाकीच्या रात्री दहाला मी पुसायचो.
अकरा वर्षं. बिनपगारी.
जुन्या मोज्यात चिंध्या कोंबून केलेलं डस्टर.

काय काय पुसलं तेही सांगतो.
हेमांगिनी रात्री कुणाच्या स्कूटरवरून उतरली,
हे पुसलं, खाली चौदा रेघा असताना.
यास्मीनबेनच्या दुकानाबद्दल कुणी डाव्या हातानं लिहिलेलं
पुरतं वाचलंही नाही, आधी पुसलं.
नटुभाईंचं दूध पातळ, हे मात्र आठवडाभर ठेवलं.
दूध पातळच होतं.

मग कमिटी झाली.
फळ्याला काच आली, काचेला कुलूप,
आणि किल्ली माणकेश्वरांच्या करगोट्याला.
बातमी आता चिठ्ठीवर, शाईनं, सहीनिशी,
दोन दिवस आधी.
'आधी?' इंदुमती टेंबे म्हणाल्या,
'म्हणजे मी पडणार कधी ते कळवू का?'
उघड्या गटारात त्यांचा पाय गेला होता.
नामंजूर. शेरा: पोळीची बदनामी.
नळाला पाणी पिवळं येतं.
नामंजूर. शेरा: विषय विचाराधीन.
मला सांगितलं, तू नुसतं पुस. वाचू नकोस.

त्या रात्री सेव-उसळीच्या गाडीपाशी नऊ जण.
तरी अशी की बोलण्याआधी सगळ्यांनी नाकं पुसली.
काच फोडू, एक म्हणाला.
खरसाडे सर म्हणाले, काच आपल्याच वर्गणीची आहे.
लिहिणंच बंद करू.
मग तर ते पेढे वाटतील.
हेमांगिनी, आता दोन मुलांची आई,
पाव मोडता मोडता म्हणाली,
'सगळ्यांनी एकच लिहू. काही झालं नाही.'

सोमवारी एकेचाळीस चिठ्ठ्या पडल्या.
शाईनं, सहीनिशी, दोन दिवस आधी:
बुधवारी काही झालं नाही.
नटुभाईंची गुजरातीत, बुधवारे कंई थयुं नथी,
(दुधाचं विसरून तेही आले होते)
पागेदारांच्या नातवाची पेन्सिलीनं,
ती नियमाप्रमाणे बाद.

कमिटी साडेबारापर्यंत बसली.
मंजूर करावं तर फळाभर तेच.
नामंजूर करावं तर शेरा काय?
बुधवारी काहीतरी झालं, असं लिहून द्यावं लागणार,
आणि काय झालं, तेही.

माणकेश्वर वाईट माणूस नव्हेत.
माझ्या आईच्या तेराव्याला पंगतीत वाढायला तेच होते.
खाली आले, ओट्यावर माझ्याशेजारी टेकले,
म्हणाले, 'तूही पुसायचासच की रे.
तुला कुणी विचारलं?'
मला उत्तर सुचलं नाही.
अजूनही नीटसं नाही.
एवढंच, की मी पुसायचो तेव्हा
शेजारी कुणी ना कुणी उभं असायचं,
आणि त्याला थांब म्हणता यायचं.
दोनदा म्हणालेही होते. एकदा मी थांबलो.

बुधवारी फळा कोरा निघाला.
काचेत सगळी पोळ उलटी दिसत होती,
ओटे, सायकली, गटाराचं नसलेलं झाकण.
दुपारी कुणीतरी काचेवरच, धुळीत, बोटानं
एक उभी रेघ ओढली.
संध्याकाळपर्यंत खालून वरपर्यंत रेघाच.
मोजा खिशात होता.
मोजल्या मात्र मी नाहीत.

गुरुवारीही पाणी पिवळंच आलं.